शेतातला स्फुरद शेतातच ठेवायचा कसा: ओढा, तळं आणि विहीर वाचवायची पायरीपायरीची पद्धत

उसाच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, युरिया (नत्राचं खत) वाहून जातो पण डीएपी (मुख्यतः स्फुरदाचं खत) कुठं जात नाही, तो मातीत बसतो. हे अर्धं बरोबर आहे. स्फुरद म्हणजे फॉस्फरस मातीला चिकटतो, काळ्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला, आणि टाकलेल्यातला पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्केच येतो, बाकीचा मागं राहतो. पण ज्या मातीला तो चिकटलाय ती मातीच जूनच्या पहिल्या दणक्यात बांध फोडून ओढ्याला लागली तर?

खरी गोम अशी की तळ्याचं पाणी हिरवं व्हायला फार स्फुरद लागतच नाही. लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की साठलेल्या पाण्यात शेवाळ माजायला लागतं असं धरतात. आता डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो पी टू ओ फाइव्ह असतो (खताच्या हिशोबात स्फुरद याच रूपात मोजतात), म्हणजे नुसता फॉस्फरस धरला तर १० किलो. त्यातला एक किलो जरी पाण्यात उतरला तरी ३ कोटी ३० लाख लिटर पाणी त्या पातळीला जातं, आणि ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर मावतं, म्हणजे अशी पंधरा शेततळी एका किलोत. पिकाच्या हिशोबात एक किलो कुणी मोजतसुद्धा नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की उजनी धरणाचं पाणी हिरवं होतं ते पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्यानं, आमच्या डीएपीनं नाही. बरोबर आहे, शहराचं सांडपाणी हे फार मोठं कारण आहे आणि ते शेतकऱ्याच्या माथी मारायचं काही कारण नाही. पण अमेरिकेत ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराला दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं, ईरी सरोवरातल्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं, आणि तिथं मुख्य वाटा निघाला तो मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतीचा. त्यामुळे शहरानं त्यांचं बघावं, आपल्या बांधाच्या आतलं आपण बघू, आणि त्यात पैसे वाचतात हे वेगळंच.

पहिली पायरी: माती तपासणी, पण नीट

बरेच लोक थेट बांधावर गवत लावण्यापासून सुरुवात करतात. ते नंतर. आधी जमिनीत किती स्फुरद पडून आहे ते बघा, कारण जिथं आधीच भरपूर आहे तिथं नवीन न टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, त्याला ना जेसीबी लागतो ना अनुदान.

पीक निघाल्यावर, नवीन खत टाकायच्या आधी नमुना घ्या. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोल म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडत पाडत अर्धा किलोवर आणायची. बांधाजवळचा, झाडाखालचा, खताचा ढीग लागायचा तिथला आणि पाटाच्या तोंडाचा नमुना या मिश्रणात घालू नका. पण मी म्हणतो त्या ढिगाच्या जागेचा एक वेगळा नमुना मुद्दाम द्या, आकडा बघून डोळे उघडतात. शिवाय तुम्ही नांगरट कमी केली असेल किंवा शून्य मशागत करत असाल तर वरच्या ५ सेंटिमीटरचा आणखी एक नमुना द्या, का ते पुढं सांगतो.

प्रयोगशाळेत विचारून घ्या की स्फुरद कुठल्या पद्धतीनं काढणार. आपल्या काळ्या, सामू (पीएच) सातच्या वरच्या जमिनीला ओल्सेन पद्धत, कोकणातल्या आम्ल जमिनीला ब्रे पद्धत. उलटं झालं तर आकडा दिशाभूल करतो.

मृदा आरोग्य पत्रिकेवर उपलब्ध स्फुरद हेक्टरी किलोमध्ये येतो. मोटामोटी १० च्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त. जास्त निघाला तर शिफारशीतला पाव भाग कमी करा, खूपच जास्त म्हणजे ३५ च्या पुढं असेल तर निम्मा करा. वर्षानुवर्षं डीएपी, विद्राव्य खतं आणि कोंबडीखत खाल्लेल्या द्राक्षबागेत आकडा याच्याही कितीतरी पुढं जाऊ शकतो, तिथं माझं मत असं की एखादा हंगाम स्फुरद पूर्ण बंद ठेवावा आणि देठ परीक्षणावर (पानाचे देठ प्रयोगशाळेत तपासून घेण्यावर) लक्ष ठेवावं, देठात कमी दिसला की परत सुरू करता येतो.

आणि हे उलट्या बाजूनंही लागू आहे बरं का. मराठवाड्यातली कोरडवाहू जमीन, आकडा सात-आठ, तिथं हा लेख वाचून सोयाबीनचा स्फुरद बंद करू नका. पीक खुरटलं तर जमीन झाकली जात नाही आणि उघडी जमीन जास्त धुपते, म्हणजे प्रदूषण कमी करायच्या नादात वाढवून बसाल.

दुसरी पायरी: सगळ्या पोत्यांचा आणि ट्रॉल्यांचा एकत्र हिशोब

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. रासायनिक खताची पावती असते म्हणून तो मोजला जातो, पण शेणखत, कोंबडीखत, साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) हे सगळं "सेंद्रिय" म्हणून हिशोबातच धरत नाहीत, जणू त्यातला स्फुरद वेगळ्या जातीचा आहे.

पोत्याचं सोपं आहे. ५० किलोच्या डीएपीत २३ किलो, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ८ किलो, १०:२६:२६ मध्ये (आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमानं) १३ किलो, १२:३२:१६ मध्ये १६ किलो. ठिबकमधून सोडता त्या २५ किलोच्या बॅगेत १२:६१:०० असेल तर १५ किलो आणि ००:५२:३४ असेल तर १३ किलो. शेणखतात साधारण ०.२ टक्के धरा, म्हणजे टनाला २ किलो. कोंबडीखतात मात्र अडीच टक्क्यांच्या आसपास, टनाला २५ किलो! बारा पट फरक आहे आणि लोक दोन्हीला "खत टाकलं" एवढंच म्हणतात.

आता एक एकर आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) ऊस घ्या. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो, म्हणजे स्फुरद एकरी ६८ किलो. समजा कुणी लागणीआधी ५ टन कोंबडीखत विस्कटलं, १२५ किलो तिथंच झाला. वर लागणीला डीएपीची दोन पोती, ४६ किलो. मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) १०:२६:२६ ची दोन पोती, आणखी २६. बेरीज १९७ किलो, शिफारशीच्या जवळजवळ तिप्पट, आणि अजून मळीची ट्रॉली यायचीच आहे. यात डीएपीचे पैसे सरळ सरळ वाया गेले ना.

कारण असं की खतातलं नत्र आणि स्फुरदाचं प्रमाण पिकाच्या गरजेशी जुळत नाही. उसाला नत्र स्फुरदाच्या दुपटीपेक्षा जास्त लागतं आणि कोंबडीखतात दोन्ही जवळपास सारखंच असतं, मग नत्रासाठी म्हणून खत टाकत गेलात की स्फुरद साठत जातो. म्हणून कोंबडीखताचं माप स्फुरदावर ठरवा, उरलेलं नत्र युरियानं किंवा हिरवळीच्या खतानं भागवा. ताग-धैंचा यासाठी उत्तम, हवेतलं नत्र आणतात आणि बाहेरून नवा स्फुरद काहीच आणत नाहीत.

तळ्याचा गाळ टाकला असेल तर तोही मोजा, म्हणजे गाळ पसरल्यावर माती परत तपासा. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत बऱ्याच गावांनी गाळ उपसून शेतात नेला, आणि खरं सांगायचं तर मला ती योजना या कारणासाठी फार आवडते, शेतातून गेलेली माती आणि तिच्याबरोबर गेलेला स्फुरद परत शेतात येतो.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बेणेप्रक्रिया करा म्हणजे जमिनीत अडकलेला थोडा मोकळा होतो. उसात १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू घालून बेणं अर्धा तास बुडवायचं, बुरशीनाशकाची प्रक्रिया त्याच्या आधी उरकायची, एकत्र नाही. शिफारशीत यामुळे स्फुरद २५ टक्के कमी करायला सांगतात. पण जिवाणू लावले आणि डीएपी तेवढाच ठेवला तर तुम्ही काय मिळवलं? लोक नेमकं हेच करतात.

तिसरी पायरी: फोकायचं नाही, मातीआड करायचं

स्फुरद वर पडून राहिला की पावसाचं पाणी त्याला धुऊन नेतं, विरघळलेल्या रूपात, आणि विरघळलेला स्फुरद शेवाळाला लगेच वापरता येतो. मातीला चिकटलेला तळाशी बसून हळूहळू सुटतो, हा तर थेट ताटात वाढलेला. म्हणून पेरणीला बी आणि खत वेगवेगळ्या नळीतून सोडणारं पेरणी यंत्र किंवा दोन चाड्यांची पाभर वापरा, खत बियाच्या बाजूला आणि साधारण ५ सेंटिमीटर खाली पडलं पाहिजे. सोयाबीनला एकरी २४ ते ३० किलो स्फुरद पुरतो, सुपर फॉस्फेटची तीन पोती पेरून दिली की २४ किलो भागतो आणि गंधक फुकट मिळतं. उसाला अर्धा लागणीला सरीत देऊन मातीआड आणि अर्धा मोठ्या बांधणीला, बांधणी करताना तो आपोआप झाकतो. उभ्या पिकात पावसाच्या तोंडावर डीएपी फेकणं, जे सगळीकडं चालतं, ते बंद करा, त्याचा पिकाला फायदा तसाही फारसा नाही, स्फुरद मातीत बोटभरसुद्धा नीट सरकत नाही तो मुळापर्यंत कधी जाणार.

भातवाल्यांनी चारसूत्री भात लागवडीतल्या युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) वापराव्यात, २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या (रोपांच्या) मधे, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हाताला काम जास्त आहे, मजूर कुरकुरतात, मान्य. पण खत चिखलात गाडलं जातं, वरच्या पाण्यात येत नाही. आणि चिखलणी केल्यावर गढूळ पाणी लगेच खालच्या खाचरात सोडू नका, तीन-चार दिवस तोंडं बंद ठेवा, गाळ बसू द्या.

शून्य मशागतीबद्दल वर म्हटलं होतं. नांगरट बंद केली की माती वाहणं खूप कमी होतं, हे चांगलंच आहे, एसआरटीवाले (सगुणा राइस तंत्र, न नांगरता भात लावणारे) सांगतात ते पटतं. पण खत वरच फेकत राहिलात तर सगळा स्फुरद वरच्या दोन इंचात जमा होतो आणि गढूळ नसलेल्या, दिसायला स्वच्छ पाण्यातून विरघळून जातो. ईरीच्या खोऱ्यात नेमका हा प्रकार चर्चेत आला. नांगरू नका पण खत आत टोका, दोन्ही जमतं.

वेळेचं म्हणाल तर खत टाकल्यावर पुढच्या दोन दिवसांत मोठा पाऊस दिसत असेल तर थांबा. मेघदूत ॲप बघा, हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा, चुकतो कधीकधी, तरी बघा.

चौथी पायरी: पावसात छत्री घेऊन शेतात फिरा

माती जाते ती सगळ्या शेतातून सारखी जात नाही. एखादा कोपरा, फुटलेला बांध, बैलगाडीची चाकोरी, मोटरसायकलची वाट, तिथूनच बहुतेक माल निघतो. त्या जागा उन्हाळ्यात दिसत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठून येतं, कुठं गोळा होतं, कुठून बाहेर पडतं ते बघून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मग दिवाळीनंतर त्याच जागांवर खर्च करा. सगळ्या बांधाला एकसारखा पैसा लावण्यात अर्थ नाही.

किती जातं याचा अंदाज द्यायचा तर, एका एकरावरून १ मिलिमीटर मातीचा थर गेला, नुसत्या डोळ्यानं कळणारही नाही एवढा, तर ती साधारण ५ टन माती होते, आणि किलोला अर्धा ग्रॅम फॉस्फरस धरला तरी अडीच किलो. पाव पोतं डीएपी.

उताराला आडवी पेरणी हा पहिला उपाय, फुकटचा. सोयाबीन-तुरीला रुंद वरंबा सरी यंत्र मिळालं तर फारच छान, सरीतून जास्तीचं पाणी दमानं निघतं. त्यानंतर आच्छादन. उसाचं पाचट पेटवू नका, हेक्टरी ८ ते १० टन पाचटात २० ते ३० किलो स्फुरद असतो, पेटवलं की पालाश-स्फुरद राखेत राहतो आणि ती राख पहिल्याच पावसात ओढ्यात. खोडव्यात (तोडणीनंतर फुटलेल्या उसात) पाचट सरीत दाबून ठेवा.

मग ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा, तीन ते पाच मीटर. वाळा, मारवेल, पवना, जनावरं असतील तर हत्तीगवत. इथं दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे पट्टा तेव्हाच काम करतो जेव्हा पाणी पातळ पसरून त्याच्यातून जातं, एकाच घळीतून लोंढा येत असेल तर गवत आडवं होऊन पाणी वरून निघून जातं, तिथं आधी दगडी सांडवा करून पाणी पसरवायला लागतं. दुसरं म्हणजे गवत कापून न्यायलाच पाहिजे. नाहीतर पट्टा काही वर्षांत स्फुरदानं भरतो आणि उलट सोडायला लागतो. कापलेलं गवत गोठ्यात, शेण परत वरच्या शेतात.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात गाळखड्डा घ्या. दोन मीटर लांब, दीड रुंद, एक खोल, तोंडाला दगड. पावसाळ्यानंतर गाळ काढून त्याच शेताच्या वरच्या अंगाला टाका. दोन-तीन वर्षं न उपसलेला खड्डा म्हणजे नुसता डबका.

चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन असेल तर तिचं पाणी बरणीत भरून रात्रभर ठेवा, सकाळीही गढूळच असेल तर चिकणमाती सुटी होतेय आणि कुठलाही खड्डा तिला पकडणार नाही. तिथं माती परीक्षणानुसार जिप्सम टाका, कण एकत्र बसतात आणि मातीही जाग्यावर राहते.

खताचा ढीग, गोठ्याचं पाणी

कोंबडीखताची ट्रॉली मे महिन्यात ओढ्याकाठी, रस्त्याजवळ, सोयीचं म्हणून ओतून ठेवतात आणि पेरणीपर्यंत ती तिथंच. ढीग उंचावर लावा, ओढ्या-विहिरीपासून लांब, वर ताडपत्री, भोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध. शेणाच्या उकिरड्यालाही तेच. गोठा धुतलेलं पाणी नाल्याला न सोडता नेपियर किंवा केळीला फिरवा.

विहीर आणि बोअर

काळ्या मातीत स्फुरद खाली झिरपताना बहुतेक अडकतो, त्यामुळे भूजलाला धोका नाही असं समजतात. पण उन्हाळ्यात त्याच जमिनीला हातभर खोल भेगा पडतात आणि पहिला पाऊस मातीतून गाळून न जाता भेगांतून थेट खाली उतरतो. वर फेकलेलं खत असेल तर त्याच्यासकट. म्हणून वळवाच्या आधी वखराची पाळी देऊन भेगा बुजवा, आणि उघड्या भेगांवर खत कधीच नको. हलक्या मुरमाड जमिनीत तर अडवायला मातीच कमी, तिथं थोडं थोडं, ठिबकमधून द्या, फक्त कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत नाही, साका होऊन ड्रिपर तुंबतात.

विहीर किंवा बोअर पुनर्भरण करताना शेतातलं गढूळ पाणी सरळ आत सोडणं हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. दगड-वाळूचा गाळणखड्डा माती पकडतो, विरघळलेला स्फुरद आणि नायट्रेट नाही पकडत. शक्यतो छताचं पाणी सोडा, शेताचं सोडायचंच असेल तर खत टाकल्यानंतरचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस वळवून बाहेर काढा. बंद पडलेल्या बोअरला झाकण लावा, उघडं बोअर म्हणजे सरळ भूजलात जाणारी नळी.

शिरोळ-वाळवा भागात क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र निचरा पाईप टाकलेत, जमीन सुधारायला ते लागतातच, पण स्फुरदासाठी तो नदीपर्यंतचा शॉर्टकट आहे. पाईपवरच्या शेतात पाणी साचलेलं असताना खत नको, आणि पाईपचं तोंड थेट ओढ्यात न काढता गवताच्या चरातून फिरवून काढा.

फरक पडतोय का ते कसं बघायचं

पाण्याचा नमुना कोरड्या दिवशी घेऊन उपयोग नाही, पहिल्या मोठ्या पावसात शेतातून बाहेर पडणारं पाणी घ्या. थंड पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या आणि एकूण फॉस्फरस व ऑर्थोफॉस्फेट (विरघळलेला, शेवाळाला लगेच मिळणारा) असे दोन्ही मागा. एकूण जास्त आणि ऑर्थो कमी म्हणजे माती जातेय, बांध-आच्छादनाकडे बघा. ऑर्थोच जास्त म्हणजे खत वर पडतंय किंवा जमीन भरलीय, हिशोबाकडे बघा. अहवालात आकडा फॉस्फेट म्हणून दिला असेल तर ३.०६ नं भागा, तेव्हा फॉस्फरस निघतो, नाहीतर तिप्पट आकडा बघून उगाच घाबराल.

माती दर दोन-तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच जागांवरून, जमल्यास त्याच प्रयोगशाळेतून तपासा. भरलेल्या जमिनीचा आकडा एका हंगामात उतरत नाही, वर्षं लागतात. तसंच तळ्याचं, तळाच्या गाळात साठलेला स्फुरद उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की सुटत राहतो, त्यामुळे शेतातून येणं थांबलं तरी कित्येक वर्षं पाणी हिरवं दिसू शकतं. या काळात गावानं जलपर्णी काढली तर काठावर ढीग लावून कुजवू नका, पाऊस पडला की सगळं परत तळ्यात. फुलं यायच्या आधी काढून लांब नेऊन शेणाबरोबर कंपोस्ट करा, आणि ते कंपोस्ट टाकाल त्या वर्षी तेवढा डीएपी हिशोबातून वजा करा.